प्रभावळकर जिना चढून आले, आई मात्र खालीच राहिली

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडपासून दोन गल्ल्या आत, पहिल्या मजल्यावर पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथे एका रविवारी संध्याकाळी दिलीप प्रभावळकर वाचकांना भेटायला आणि पुस्तकांवर सही द्यायला आले होते. त्या कार्यक्रमाबद्दल हे लिहिते आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रार मोठी आहे आणि ती मी मालकांना समोर बसून सांगितली आहे.

आधी आमच्या घरचं सांगते. 2001 मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झालं आणि त्या अर्ध्या तासात फोन उचलायचा नाही, असा आईने नियम केला. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका ही मंडळी जणू आमच्याच मजल्यावर राहतात, अशा थाटात घरात त्यांच्याबद्दल बोलणं व्हायचं. प्रभावळकरांचा जन्म 1944 चा, म्हणजे आबा झाले तेव्हा ते 57 वर्षांचे. आमचे बाबा साधारण त्याच वयाचे, रोज 7.52 ची लोकल पकडायला धावणारे. आई दर वेळी म्हणायची, "अहो, हे तुमच्याच वयाचे आहेत, खरं वाटतं का?" बाबांना खरं वाटायचं नाही.

मालिका ज्यावरून निघाली ते 'अनुदिनी' आईकडे तेव्हापासून आहे. मूळचं ते प्रभावळकरांचं 'लोकसत्ता'तलं सदर. आई मटार सोलायला बसली की मला मोठ्याने वाचायला लावायची आणि मध्येच पुस्तक ओढून घेऊन तोच उतारा स्वतः पुन्हा वाचायची. पाठ उसवली म्हणून बाबांनी तिला खाकी टेप लावली आहे. मधल्या एका पानावर हळदीचा अख्खा अंगठा उमटला आहे, रेघांसकट.

सही हवी होती ती याच प्रतीवर. टोकनसाठी फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, इथे घेतलेल्या पुस्तकावरच सही मिळेल. मी म्हटलं, दोन नवी घेते, पण सही जुनीवर द्या. विचारून सांगतो म्हणाला आणि दहा मिनिटांत त्याचा फोन आला, "मालक म्हणाले, जुनं पुस्तक जरूर आणा." दुकानदाराला वाचक कळतो की नाही, ते मला इथेच कळलं. असे नियम मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहेत, ते वाकवणारा माणूस क्वचित भेटतो.

वरची व्यवस्था फार चांगली होती. रांगेत कोणाला उभं राहावं लागलं नाही. टोकनच्या क्रमाने खुर्च्या मांडल्या होत्या, पुढचा उठला की सगळ्यांनी एक खुर्ची सरकायचं. टेबलाशी बसलेली मुलगी आधीच प्रत्येकाचं नाव विचारून चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी नेमक्या पानात घालून ठेवायची. त्यामुळे 'ज्योत्स्ना म्हणजे कसं लिहायचं' यात कोणाची मिनिटं गेली नाहीत. सही झाली की ती पानावर टिपकागदाचा तुकडा ठेवून मग पुस्तक मिटायची. गुळगुळीत कागदावर शाई पसरते, हे कोणाच्या तरी लक्षात होतं! टिपकागद मी शाळेनंतर पहिल्यांदा पाहिला.

आणि ती रांग! खुर्च्यांवर बसलेला प्रत्येक जण वेगळ्याच माणसाला भेटायला आला होता. माझ्या पुढचे काका कृष्णधवल टीव्हीवरच्या चिमणरावांसाठी आले होते. चिं. वि. जोशींचा चिमणराव म्हटलं की आपल्याला दुसरा चेहरा दिसतच नाही, असं ते मला तीनदा म्हणाले आणि बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊची आठवण काढून जरा वेळ गप्प बसले. त्यांच्या सुनेच्या मनात 'चौकट राजा'मधला नंदू होता. कॉलेजच्या चार पोरांना तात्या विंचू हवा होता. एक मुलगी 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी म्हणत होती, ज्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या मागे दुसरीतला एक मुलगा 'बोक्या सातबंडे' छातीशी धरून बसला होता. त्याला यातलं बाकी काहीच माहीत नव्हतं, बोक्या लिहिणारे आजोबा एवढंच माहीत होतं. टेबलामागे मात्र एकच शांत, बारीक अंगाचे गृहस्थ, आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाकडे मान वर करून पाहणारे. त्या मुलाचं बोलणं ऐकायला ते टेबलावरून पुढे वाकले. रांग तेवढा वेळ थांबली आणि कोणी कुरकुर केली नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी हळदीचं पान उघडून दाखवलं. त्यांनी त्या अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि पहिल्या पानावर आईच्या नावाने सही केली. पण जिचा अंगठा होता ती वर नव्हती.

आता तक्रार. दुकानाच्या पत्रकावर 'पहिला मजला' हे शब्दच नव्हते. जिना अरुंद, पायऱ्या चोवीस, कठडा एकाच बाजूला, लिफ्ट नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. ती सहा पायऱ्या चढली, सातवीवर बसली आणि म्हणाली, "तू जा, मी खाली थांबते." खालच्या औषधाच्या दुकानदाराने स्टूल दिलं, बाबा तिच्याबरोबर थांबले. ज्या कलावंताचे चाहते सत्तरीच्या पुढचे आहेत आणि जो स्वतः ऐंशी पार केलेला आहे, त्याला या जिन्याने वर चढवायचं हे मला पटलं नाही. आणखी किती जण खालूनच परत गेले, ते दुकानाला कळलंही नसेल.

मी हे टिपकागदवाल्या मुलीला सांगितलं. तिचा चेहराच उतरला. कार्यक्रम संपल्यावर प्रभावळकर सावकाश जिना उतरले, तेव्हा ती पुढे धावत जाऊन आईच्या स्टुलाशी उभी राहिली. ते फुटपाथवर थांबले, हात जोडले. आई उठायला लागली तर त्यांनी तिला हातानेच बसा म्हणून खुणावलं. चार दिवस आई घरात काय बोलायचं ते घोकत होती. ते सगळं राहिलं आणि ती म्हणाली, "आबा, शिऱ्या मार्गी लागला का हो?" ते मनापासून हसले, बाबाही हसले. अर्ध्या मिनिटात गाडी निघाली. फोटो काढायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढचा कार्यक्रम तळमजल्यावरच्या एखाद्या शाळेच्या वर्गात घेऊ म्हणाले. तसं केलं तर मी पाचपैकी पाच तारे देईन, आज चार देते. पुस्तकांची निवड, टोकनची शिस्त आणि ती मुलगी, यांना काहीच कमी करता येणार नाही. तोवर घरच्या मोठ्या माणसांना घेऊन तिथे जाणार असाल तर लक्षात ठेवा, चोवीस पायऱ्या आहेत आणि कठडा चढताना डाव्या हाताला आहे.