मेडिकल सप्लायचे कॉल: घरून घ्यावेत की ऑफिसातून?

घरून काम केलं की प्रवास वाचतो, हे सगळेच सांगतात. पेशंटकडून फोनवर मेडिकल सामानाच्या ऑर्डर घेण्याच्या या कामात मात्र खरी कसोटी असते ती ऑर्डर बिनचूक लागण्याची. कोलोस्टॉमी बॅग (पोटावरच्या छिद्रातून येणारा मल गोळा करणारी पिशवी) मागवणाऱ्या आजी "मागच्या वेळचीच द्या" म्हणतात. तेव्हा फ्लँज (बॅग जिला जोडतात ती कडी) ४५ मिमीचा की ५७ चा, हे न कंटाळता विचारावं लागतं, कारण माप चुकलं की बॅग गळते. संकोचाचा विषय असतो. घरी दार लावून शांतपणे बोललं की पेशंट मोकळा होतो. ऑफिसच्या गलक्यात ते जमत नाही.

पण इन्सुलिनचं पार्सल वाटेत अडकलं, तर ऑफिसच बरं. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो, वेळ घालवून चालत नाही. तिथे उठून थेट डिस्पॅचवाल्याला गाठता येतं. घरून मात्र सिस्टीममध्ये तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकून वाट बघत बसायचं.

माझ्या मते, नवख्याने आधी ऑफिसातच शिकावं. घरून करायचं तर वेगळी खोली आणि इन्व्हर्टर हवाच. पेशंटचं प्रिस्क्रिप्शन स्क्रीनवर उघडं असताना मागून घरच्यांची ये-जा अजिबात नको.