लेप्टिन (भूक आवरणारं हार्मोन) वाढवायच्या कॅप्सूल, दोन महिने घेतल्या. एक स्टार, तोबी डब्याला

परभणीचाय मी, आडतीवर दिवसभर बसून काम, वजन ८८ किलो, कमरेचा घेर १०४ सेंटीमीटर अन् दिवाळीच्या आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आला ६.३. डॉक्टर म्हणले शुगर अजून लागली नाही पण दारात येऊन उभी राहिलीय, चाला, रात्रीचं जेवण आवरा. आपण काय केलं, मोबाईलवर जाहिरात बघितली 'लेप्टिन वाढवा, भूक आपोआप मरेल' अन् १,४९० चा डबा मागवला. कंपनीचं नाव घेत नाही, उगं झंझट नको.

दोन टाइम जेवणाआधी अर्धा तास, एक दिवस खाडा नाही. एक कॅप्सूल उघडून बघितली, आत हिरवट भुगा, वास निव्वळ कडब्याचा. भूक मरायची सोडा, साडेअकरालाच समोरच्या गाड्यावरची भजी दिसायला लागायची. साठ दिवसांनी वजन ८८.४! कस्टमर केअरची बाई म्हणते सर तुमचं लेप्टिन खूप लो असेल, तीन महिन्याचा कोर्स घ्या.

भाचा एमएस्सी करायलाय, त्यानं डबा बघितला अन् हसायलाच लागला. म्हणला मामा, लेप्टिन तुमच्याकडं पोत्यानं आहे. ते अंगातल्या चरबीतूनच बनते, चरबी जितकी जास्त तितकं रक्तात जास्त, अन् मेंदूला सांगते की कोठी भरली, आता बास. १९९४ ला न्यूयॉर्कमधी जेफ्री फ्रीडमनच्या लॅबनं हे शोधलं, ज्या उंदरांत ते बनतच नव्हतं ते खाऊन खाऊन फुगलेले, टोचलं की वाळले. पण आपल्यासारख्या खाऊन सुटलेल्या माणसाच्या रक्तात ते आधीच भरपूर असते, मेंदूच ऐकंना झालेला. देवळाला खेटून राहणाऱ्याला भोंगा ऐकू येत नाही तसं, अन् तुम्ही १,४९० देऊन दुसरा भोंगा लावायलात.

वरून हे प्रोटीन, तोंडानं घेतलं तर वरणासारखं पचून जाते. मेट्रेलेप्टिन नावाचं खरं औषध आहे पण ते इंजेक्शन, तेबी लिपोडिस्ट्रॉफी म्हणून दुर्मिळ आजार असतो, अंगावर चरबीच धरत नाही, त्यांच्यासाठी. मग डब्यावरची बारीक अक्षरं वाचली तर लेप्टिन त्यात नव्हतंच, ग्रीन टी, आफ्रिकन आंबा अन् क्रोमियम. हे मी पहिल्या दिवशी वाचायला पाहिजे होतं, चूक आपलीच.

मला धसका बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. अ‍ॅडिपोनेक्टिन म्हणून दुसरं हार्मोन, तेबी चरबीतूनच बनते पण हिशोब उलटा, चरबी वाढली की हे घटते, अन् इन्सुलिनचं म्हणणं अंगाला ऐकायला लावणारं हेच. त्यात फुगलेल्या चरबीला आतून सूज येते, त्यातून टीएनएफ अल्फा नावाचं सूज वाढवणारं प्रोटीन सुटते, ते इन्सुलिनच्या कामात खोडा घालते. म्हणजे माझी ६.३ ची शुगर ढेरीतूनच शिजायलीय. आमचा मुनीम हडकुळा तरी शुगरवाला, त्याचंबी उत्तर भाच्याकडं होतं. पुण्याचे डॉ. याज्ञिक अन् लंडनचे डॉ. युडकिन दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण अंगातली चरबी युडकिनसाहेबांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! म्हणजे दिसायला बारीक, तरी आत चरबी. २००४ ला दोघांनी फोटोसकट छापलंय.

'रिझल्ट नाही तर पैसे परत' म्हणले होते, मागितले तर म्हणतात तुम्ही डाएट पाळला नसेल. अहो डाएटच पाळायचा असता तर डबा कशाला मागवला असता? डिलिव्हरी तेवढी तीन दिवसांत आली. झाकण घट्ट बसते, बायकोनं त्यात जवसाची चटणी भरलीय.