139 ला काय सांगायचं: हरवली, राहिली की मारली?

लोकलमध्ये काहीही गेलं की तोंडातून पहिला शब्द येतो, 'हरवलं'. मोठं बेरकी क्रियापद आहे हे. 'मुंबईने विदर्भाला हरवलं' यात कुणी कुणाला ते स्वच्छ कळतं. 'माझी छत्री हरवली' म्हटलं की छत्रीच कर्ता होते, जणू ती आपल्या पायांनी चालत गेली आणि आपण नामानिराळे. घरी हे खपतं. रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर मात्र नुसत्या 'हरवली'ने काहीच कळत नाही.

या सेवेची खरी ताकद 'राहिली'ला आहे. 'बॅग रॅकवर राहिली' म्हणजे वस्तू कुठे आहे ते माहीत आहे, फक्त गाडी पुढे गेली आहे. 139 लावून भाषा निवडा, सुरक्षेसाठी 1 दाबा. मेनूत अडकलात तर चांदणी दाबली की माणूस बोलतो. निरोप आरपीएफकडे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाकडे जातो. सुरक्षेचा जुना क्रमांक 182 आता लावू नका, तो 2021 मध्ये 139 मध्येच विलीन झाला.

पुढचं सगळं तुमच्या वर्णनावर. 'पुढून तिसरा डबा' हे सांगणं फुकट, कारण शेवटच्या स्टेशनवरून तीच गाडी उलटी निघते आणि पुढचा डबा मागचा होतो. 'चर्चगेटच्या टोकापासून तिसरा' म्हणा. हे टोक बदलत नाही. 'जिन्यासमोरचा डबा' तर त्याहून निरुपयोगी, दर स्टेशनला जिना वेगळीकडे. गाडी स्लो की फास्ट, 12 डबे की 15, कुठून किती वाजता सुटलेली, सेकंड, फर्स्ट की लेडीज, रॅक कुठल्या बाजूचा, एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे. लोकललाही 9 ने सुरू होणारा पाच आकडी क्रमांक असतो. तो माहीत असेल तर निम्मं काम झालं. घाई करायची ती यासाठी की शेवटच्या स्टेशनवर गाडी जेमतेम काही मिनिटं थांबते. सामान घ्यायला जाताना ओळखपत्र न्या आणि आत काय काय होतं ते आठवून ठेवा. बॅगेतल्या जेवणाच्या डब्याचं झाकण कुठल्या रंगाचं होतं, असल्या बारकाव्यावरच वस्तू तुमची ठरते.

'मारलं' असेल तर 139 अपुरी. पाकीट मारलं, मोबाईल खेचला, हा गुन्हा आहे आणि त्याचा एफआयआर राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे होतो, आरपीएफकडे नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम लागतं: चोरीला 303, हिसकावण्याला 304. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

इथे चौथा शब्द येतो, खास सरकारी: 'गहाळ'. यात कुणाचाच दोष नाही, म्हणून तपासही नाही. ही फक्त नोंद. ओळखपत्राच्या दुसऱ्या प्रतीसाठी ती पुरते. पण खिशातून काढलेल्या फोनला 'गहाळ लिहा, लवकर होईल' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. अनेक विमा पॉलिसी चोरीची भरपाई देतात, नुसत्या हरवण्याची नाही. एक शब्द चुकला की दावा गेला.

फोनसाठी दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवरची ब्लॉक करण्याची सोय चांगली आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी पोलिसांची नोंद, मग त्याच नंबरचं नवं सिम, मग 15 आकडी आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), बिल आणि ओळखपत्र घेऊन अर्ज. दोन सिमच्या फोनला आयएमईआयही दोन असतात, दोन्ही टाका. बहुतेक जण ओटीपीपाशी अडकतात: नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, आणि लोक पोर्टलला शिव्या घालत बसतात. आयएमईआय खोक्यावर असतो. खोकं रद्दीत गेलं असेल तर बिलावर बघा. फोन हातात असतानाच *#06# लावून तो कुठेतरी लिहून ठेवला तर हा शोध वाचतो. अर्जानंतर मिळणारा रिक्वेस्ट आयडीही जपा, फोन सापडलाच तर त्याचा ब्लॉक काढायला हाच आयडी लागतो.