भुशाची शेगडी: सुतारशाळेतला वर्षभराचा अनुभव

कुडाळजवळच्या आमच्या लहानशा सुतारशाळेत आठवड्याला चार-पाच पोती भुसा आणि रंध्याचा कीस निघतो, आणि तो कुठे न्यायचा हा प्रश्न गेली अनेक वर्षे आम्ही टाळत आलो होतो. पूर्वी बर्फवाले लाद्या झाकायला भुसा मागून नेत, परंतु फ्रीज घरोघर आल्यानंतर ती मागणी आटली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर बाजारातल्या एका पत्र्याच्या कारागिराकडून मी साडेसातशे रुपयांना भुशाची शेगडी करून घेतली. आंघोळीचे पाणी, भाताची पेज आणि गुरांचे आंबोण यांसाठी आमच्या घरी ती तेव्हापासून वापरात आहे.

ज्यांनी ही शेगडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. पंधरा-सोळा लिटर मावतील असा पत्र्याचा उभा गोल डबा, त्याच्या तळाशी बाजूला मुठीएवढे तोंड, वर भांडे टेकवण्यासाठी तीन उंच टेकू आणि दोन्ही बाजूंना कड्या, एवढाच तिचा थाट आहे. तिच्यात भाते नाहीत, पंखा नाही, जाळीही नाही. तिची सगळी करामत भरण्यात आहे, आणि म्हणूनच या शेगडीविषयीचे मत बहुतेक वेळा तिच्यापेक्षा ती भरणाऱ्याविषयीचे असते.

डब्याच्या मध्यभागी सोड्याची रिकामी बाटली उभी ठेवायची, खालच्या तोंडातून मनगटाएवढे गोल दांडके आत सरकवून ते बाटलीच्या बुडाला टेकवायचे, आणि भोवती भुसा चार-चार बोटांच्या थरांनी टाकून प्रत्येक थर लाकडी मुसळीने ठोकून बसवायचा. हा भुसा हातात घट्ट दाबल्यावर गोळा धरेल इतकाच दमट हवा. कोरडा असला तर बाटली काढताना भिंत ढासळते आणि ओला असला तर शेगडी तासभर नुसती धुमसते. वरपर्यंत भरून झाल्यावर बाटली हळूहळू फिरवत वर काढायची, मग दांडके तसेच फिरवत बाहेर ओढायचे. आत काटकोनात वळलेला बोगदा तयार होतो. खालच्या तोंडात कागद आणि दोन-चार काटक्या पेटवल्या की हवा तिकडून आत शिरते, मधल्या भोकातून वर जाते आणि भुसा आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे सावकाश जळत राहतो. पहिल्या आठ दिवसांत माझी भिंत चार वेळा कोसळली, तेव्हा आई पडवीतून फक्त एवढेच म्हणाली, ‘‘बाटली ओढतोस काय, ती फिरवायची असते.’’

नीट भरलेली शेगडी साडेतीन किलो भुशावर सुमारे साडेचार तास चालते, आणि तेवढ्या वेळात वीस लिटरचे पातेले चार वेळा कढत होते. पहिली पंधरा-वीस मिनिटे धूर असतो. नंतर ज्योत धरते आणि भांड्याच्या बुडावर चुलीपेक्षा कमी काजळी बसते. फुंकणी हातात घेऊन शेजारी बसावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण मला वाटतो. राख तर इतकी थोडी पडते की ती मुठीत मावते, आणि ती भांडी घासायला जाते.

आता दोष सांगतो. कारागिराने तळाला डब्याइतकाच पातळ पत्रा लावला होता, तो पाच महिन्यांत भोके पडण्याइतका खंगला. कड्या डब्याला थेट रिबीट केल्यामुळे त्या तापतात आणि कापडाशिवाय शेगडी हलवता येत नाही. तशीही ती पेटलेली असताना हलवू नयेच, कारण धक्क्याने आतली भिंत कोसळून आग विझते किंवा भडकते. आच कमी-जास्त करायला खालच्या तोंडासमोर विटेचा तुकडा सरकवण्यापलीकडे दुसरा उपाय नाही. शिवाय एकदा पेटवली की मध्येच विझवणे अवघड असते. तोंड बंद केले तर ती धुराने उत्तर देते. म्हणून दोन कप चहासाठी ही शेगडी नव्हे. एका पावसाळी संध्याकाळी आम्ही ती बंद पडवीत पेटवली आणि अर्ध्या तासात सगळ्यांची डोकी जड झाली. धुमसणाऱ्या भुशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, आणि तेव्हापासून ती चारही बाजूंनी उघड्या मांडवाबाहेर कधीच गेली नाही. वरून कोरडा बारीक भुसा टाकून आग वाढवण्याचा मोहही टाळावा, कारण हवेत उडालेला भुसा भपकन पेटतो.

खरा विषय मात्र भुशाचाच आहे. साग, आंबा आणि फणस यांचा अस्सल लाकडाचा भुसा शेगडीत उत्तम चालतो, आणि फणसाचा तर हात हळदीसारखे पिवळे करून जातो. सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, म्हणून भरताना तोंडाला आणि नाकाला फडके बांधावे. लाकडाची धूळ फुप्फुसांना आणि नाकाला हानीकारक आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक म्हटले आहे. प्लायवुड, एमडीएफ (लाकडाचा भुगा गोंदाने दाबून केलेल्या फळ्या), पॉलिश केलेले किंवा कीड लागू नये म्हणून रसायन पाजलेले लाकूड यांचा भुसा मात्र शेगडीत कधीच जाता कामा नये. त्यातली फॉर्मल्डिहाइडयुक्त गोंदे आणि रसायने जळून धुरात येतात, आणि तो धूर स्वयंपाकाच्या भांड्याखाली असतो. आमच्याकडे त्यामुळे करवतीखाली दोन पोती वेगळी लावावी लागली, आणि हीच शिस्त पाळणे सगळ्यांत कंटाळवाणे आहे. सहायक मिस्त्री अजूनही घाईत एकाच पोत्यात लोटतो आणि मग ते अख्खे पोते बाजूला ठेवावे लागते.

जे पोते शेगडीला चालते त्यातलेही सगळे तिला लागत नाही. रंध्याचा कुरळा कीस भरताना दाबला जात नाही, मध्ये पोकळ्या राहतात आणि ज्योत एका बाजूने भिंत फोडते. म्हणून तो शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात गादी म्हणून जातो, तिथे ओल शोषतो, आणि तीन आठवड्यांनी विष्ठेसह परत येतो तेव्हा ते खताचे उत्तम साहित्य असते. खालचा बारीक भुसा आम्ही ओल्या कचऱ्याच्या डब्यात थरावर थर टाकतो, त्यामुळे वास आणि माश्या दोन्ही कमी होतात. मात्र तो कच्चा असताना रोपांच्या बुडाशी मिसळू नये. भुशात कार्बन आणि नत्राचे प्रमाण साधारण 400 : 1 असते, तर खतासाठी ते 30 : 1 च्या जवळ हवे असते, त्यामुळे कुजताना जंतू मातीतले नत्र ओढून घेतात. हे मला पुस्तकातून नव्हे, तर पिवळ्या पडलेल्या चाळीस मिरचीच्या रोपांकडून कळले. खुर्चीच्या सांध्यातली फट भरायला चाळणीतला अतिबारीक भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवणे, किंवा जमिनीवर सांडलेले तेल त्यावर भुसा पसरून झाडणे, हे तर प्रत्येक सुतार करतोच. तेलाने भिजलेला भुसा मात्र पोत्यात कोंबून ठेवू नये; जवसाचे तेल लागलेला भुसा स्वतःहून तापून पेटू शकतो.

पावसाळा हा या सगळ्याचा कस पाहणारा काळ आहे. जूनपासून भुसा ओल धरतो, बुरशी येते आणि पोत्याला आंबूस वास सुटतो. यंदा आम्ही मे महिन्यातच पंधरा पोती उन्हात पसरून वाळवली आणि माळ्यावर चढवली. त्यातली दोन खालच्या कौलांच्या गळतीने वाया गेली, बाकीच्यांनी गणपतीपर्यंत साथ दिली.

ज्याच्याकडे भुसा फुकट किंवा जवळच्या वखारीतून स्वस्तात मिळतो, उघडी जागा आहे आणि सकाळी एकदा बसून भरण्याइतकी सवड आहे, त्याला ही शेगडी घ्यायला मी निःशंकपणे सांगेन. सदनिकेत राहणाऱ्याला मात्र मी ती सुचवणार नाही. पाचपैकी साडेतीन गुण मी देतो, आणि अर्धा गुण कारागिराच्या पातळ तळामुळे गेला आहे. त्याच्याकडेच दुसरी सांगितली आहे: तळ दुप्पट जाड, कड्यांना लाकडी मुठी, आणि खालच्या तोंडाला सरकणारे झाकण. पैसे शंभराने जास्त पडणार आहेत, आणि कड्यांच्या लाकडी मुठी आम्हीच करून देणार आहोत.