चौघांचा तंबू आणि दोन हिवाळ्यांचं बिल

मी एका सीएच्या ऑफिसात सतरा वर्षं व्हाउचर लावते आहे, त्यामुळे घरातलंही बिल माझ्याच्यानं फेकवत नाही. २०२३ च्या दिवाळीआधी नवऱ्यानं ‘आता दर हिवाळ्यात आपण कॅम्पिंग करायचं’ असं जाहीर केलं, तेव्हापासूनची सगळी बिलं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत. बेरीज ४१,६१५ रुपये. या पैशांत काय काय आलं आणि त्यातलं कामाला किती आलं, ते लिहिते आहे. आम्ही चौघं आहोत. मी, नवरा, तेव्हा बारा वर्षांची थोरली आणि आठ वर्षांचा धाकटा. राहायला धायरीला, दुसऱ्या मजल्यावर, गाडी वॅगनआर. गाडीचं नाव उगाच सांगत नाहीये.

आधी दोनदा पवनेला, धरणाकाठच्या कॅम्पवाल्यांकडे गेलो होतो. समोर तुंग किल्ला, पाठीशी तिकोना, तंबू कॅम्पवाल्यांचेच, रात्री कोळशावरचं चिकन-पनीर, सकाळी पोहे. मोठ्यांचे माणशी १,२०० आणि मुलांचे ७००, म्हणजे ३,८०० मध्ये चौघांचं उरकलं. जेवण ठीक होतं. पण शेजारच्या तंबूवाल्यांचा स्पीकर रात्री दीडपर्यंत चालू होता, आणि ‘आपला तंबू, आपली जागा’ हे खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं ते त्या रात्री. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोला.

तंबू ८,४९९ चा. दुकानात उभा करून ठेवला होता तेव्हा वाड्याएवढा वाटला. पिशवीवर चार माणसांचं चित्र. घरी आल्यावर मी टेप लावली. आतली जमीन २४० बाय २१० सेंटिमीटर. २४० भागिले चार म्हणजे माणशी ६० सेंटिमीटर, दोन फुटांच्या आत. साधा सिंगल बेडसुद्धा तीन फुटांचा असतो. म्हणजे तंबूवाल्यांचे ते चौघं शवासनात झोपलेले चौघं, कूस न बदलणारे, आणि त्यांच्याजवळ एकही पिशवी नाही. आमचं निभावलं कारण धाकटा लहान होता आणि तो माझ्या अंगावर पाय टाकूनच झोपतो. आता तो दहाचा झालाय, पाय लांब झालेत. पिशवीवर जितकी माणसं लिहिली असतील त्यातून एक वजा करायचा, सामान आत ठेवायचं असेल तर दीड.

पहिला मुक्काम भोरकडे, भाटघरच्या पाण्यापासून थोडं वर, ऑफिसातल्या शिपायाच्या चुलत्यांच्या शेतात. कापूरहोळहून आत वळलं की ट्रॅफिक संपतं आणि मुलं ‘आलं का?’ विचारायची थांबतात. खळ्याची सपाट जागा मिळाली, चुलत्यांनी स्वतः झाडून दिली. तिथे तंबूबरोबर आलेल्या खुंट्या काढल्या. बोटाएवढ्या लांब, सायकलच्या स्पोकपेक्षा जरा जाड. कुठल्याशा मऊ हिरवळीसाठी केलेल्या असणार. आपल्याकडे खाली मुरूम. नवऱ्यानं दगडानं पहिली ठोकली, ती इंग्रजी एस झाली. दुसरी वाकली, तिसरीही वाकली. चुलते बांधावर बसून बघत होते. शेवटी उठून घरात गेले आणि बैल बांधायच्या दोन लोखंडी मेखा आणि एक घण घेऊन आले. दोन मेखांवर आणि बाकीच्या कोपऱ्यांत ठेवलेल्या दगडांवर आमचा साडेआठ हजारांचा तंबू रात्रभर उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन आठ इंची खिळे आणले, जाड डोक्याचे, बारा नग, १६० रुपये. (गाडी घेऊन जाऊ नका, शनिवारवाड्यापाशी लावा आणि चालत जा.) त्यानंतर आजवर एकही खुंटी वाकलेली नाही. आमच्या सगळ्या खरेदीत पैशाला पैसा वसूल झालेली हीच एक वस्तू म्हणायची. त्याच आळीत सिलपॉलिनची ताडपत्री घेतली, ९०० ची, तंबूखाली अंथरायला. इथे एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. ताडपत्री तंबूपेक्षा मोठी पसरली. वाटलं, मुलांना चपला काढायला ओटा होईल. पाऊस आला तेव्हा वरून ओघळलेलं पाणी त्या ओट्यावर पडून सरळ तंबूच्या पोटाखाली गेलं. ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चार बोटं आतच दुमडायची असते.

तो पाऊस परतीचा होता, ऑक्टोबर संपताना. तंबूच्या पिशवीवर २००० मिलिमीटर असं छापलेलं. मला वाटलं होतं पावसाचा आकडा असेल, एवढा तर महाबळेश्वरलाही चार दिवसांत पडत नाही, मग घाबरायचं काय. तसं नसतं. कापडावर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार येत नाही, असा त्याचा अर्थ. कापड चांगलंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पाणी आलं शिवणीतून. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक बारीक नळ. छताच्या शिवणींना आतून पट्टी चिकटवलेली होती, पण पायथ्याच्या एका कोपऱ्यात ती सहा इंच उचकटलेली होती. नव्या तंबूत! धाकट्याच्या पायाशी थेंब, थेंब, थेंब. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की वापरलेला माल बदलून मिळणार नाही. न वापरता गळतो हे कसं कळावं, असं मी लिहिलं, त्यावर आजतागायत उत्तर नाही. मग ३५० ची शिवणी बुजवायची ट्यूब आणली आणि गच्चीत बसून सगळ्या शिवणींवर आतून बोटानं फिरवली, दिवाळीत करंजीच्या कडेला दूध लावतो तशी. त्यानंतर दोन पाऊस झाले, थेंब नाही. तुम्ही नवा तंबू आणलात तर आधी बादलीभर पाणी ओतून बघा, घरी.

थंडीत मात्र छत पुन्हा ओलं दिसलं आणि मी कंपनीच्या नावानं खडे फोडायला सुरुवात केली. ते पाप माझं. गार वारा येतो म्हणून मी रात्री सगळ्या जाळ्यांच्या चेन लावून घेतल्या होत्या. चार माणसांचा श्वास थंड कापडावर जाऊन पहाटेपर्यंत पाणी झालं. वरची हवेची खिडकी उघडी ठेवायची, टोपी घालायची, झोपायचं.

आता झोपण्याच्या सामानाकडे येते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे गेले आणि सगळ्यात वाईट. चार स्लीपिंग बॅग ५,९९६, दोन फुगवायच्या डबल गाद्या ४,४००. बॅगेवर १५ अंश लिहिलेलं आणि डिसेंबरात धरणाकाठी पहाटे त्याच्या खाली जातंच, हे मी मान्य करते. पण खरी थंडी वरून आलीच नाही. खालून आली. फुगवलेल्या गादीत नुसती हवा, ती रात्रभर गार होत जाते आणि आपण पाठीनं ती तापवत बसायचं. पहाटे चारला मी उठून गाडीत जाऊन बसले. गादीतली हवा तोवर निम्मी गेली होती, मी उठल्याबरोबर नवरा घरंगळत मध्यभागी गेला.

दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी माळ्यावरून दोन गोधड्या काढून दिल्या. जुन्या नऊवारींच्या, सात पदरी, हातानं घातलेले धावदोरे. म्हणाल्या, ‘पांघरू नका, खाली घाला.’ खाली ताडपत्री, तिच्यावर तंबू, आत फोमच्या घडीच्या चटया (६०० ची एक, ट्रेकवाले पाठीवर गुंडाळून नेतात ती), त्यांच्यावर गोधडी, अंगावर सोलापुरी चादर आणि त्यावर स्लीपिंग बॅग उघडून रजईसारखी. मुलं सकाळी आठपर्यंत उठली नाहीत. गाद्या आता पाहुणे आले की हॉलमध्ये फुगवतो. फोमच्या चारही चटया मिळून २,४०० लागले, आणि त्या आधी घेतल्या असत्या तर गाद्यांचे ४,४०० घरात राहिले असते.

शेगडी १,८५०, गॅसचे चार डबे ७६०. चहा-मॅगीला उत्तम. भाताला वैताग. डब्यातला गॅस बाहेर पडता पडता डबा स्वतःच गार होत जातो, आणि थंडीत आच मंदावत मंदावत मेणबत्तीएवढी होते. नवऱ्यानं एक डबा स्वेटरच्या आत काखेत धरून कोमट केला आणि तो लावल्यावर कुकरची शिट्टी झाली. हे दृश्य मी विसरणार नाही. आता भात-आमटी घरून करून नेतो, तिथे फक्त गरम करतो. बाहेर कितीही बोचरं असलं तरी शेगडी तंबूच्या आत पेटवायची नाही, बंद जागेत विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो.

२,४०० चा कॅम्पिंगचा भांड्यांचा सेट: एकात एक बसतो, दिसतो गोंडस, पातेलं इतकं पातळ की दूध लागतंच. घरचं जाड बुडाचं पातेलं आणि सांडशी न्या. टेबल २,३०० चं, दोनदा उघडलं. दिवे तीन हजारांचे. त्यातले डोक्याला बांधायचे दोन दिवे रोज लागतात, बाकीचे ड्रॉवरमध्ये.

खुर्च्या. चार, ४,४००. धाकट्यानं आणि त्याच्या बापानं मिळून हट्ट केला. शेतात काळ्या मातीत मागचे पाय रुतले आणि नवरा चहासकट उताणा झाला. चहा गरम होता, एवढंच लिहिते. सतरंजी आमच्याकडे आधीपासून होती, फुकट.

आता वॅगनआर. वर लिहिलेलं सगळं आणि चार माणसं तिच्यात बसत नाहीत. डिकीत तंबू आणि गाद्या गेल्या की संपलं. म्हणून टपावर कॅरियर, ४,२०० रुपये, हा खर्च कुठल्याच दुकानातला मुलगा सांगत नाही. घरातही तेच. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये या सामानानं अख्खा माळा खाल्ला, गणपतीचं मखर आता नणंदेकडे असतं.

आणि वाळवणं! तंबू ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरतो आणि तो कुबट वास काही केल्या जात नाही. परत आल्यावर रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीत तंबू उभा करायचा. पहिल्यांदा केला तेव्हा सेक्रेटरी काका वर आले, तंबूभोवती एक चक्कर मारली आणि ‘गच्चीत निवासी वापराला परवानगी नाही’ म्हणाले. मी म्हटलं, काका, वाळत घातलाय. ‘मग दोरीवर घाला.’ आठ फुटांचा तंबू दोरीवर! आता आधी अर्ज करते, तारीख-वेळेसह, त्यांची सही घेते. फोल्डरमध्ये तेही अर्ज आहेत.

पैशांचं गणित असं. दोन हिवाळ्यांत नऊ रात्री झाल्या. ४१,६१५ भागिले नऊ, रात्रीला ४,६२४. पवनेला तेच ३,८०० मध्ये होत होतं, पोह्यांसकट. आपल्या सामानानं गेलं की जेवणाचे आठशे आणि शेतमालकाला पाचशे धरते (चुलते घेत नाहीत, मुलांच्या हातून देते), म्हणजे एका रात्रीमागे अडीच हजार वाचतात. या हिशोबानं पैसे फिटायला सतरा रात्री हव्यात, आठ बाकी आहेत. पेट्रोल धरलेलं नाही, ते पवनेलाही लागलंच असतं. खेड शिवापूरचा टोलही धरलेला नाही.

आज नव्यानं घ्यायचं झालं तर मी तंबू, ताडपत्री, खिळे, शिवणीची ट्यूब, चार फोमच्या चटया आणि दोन डोक्याचे दिवे घेईन. १३,२०९ रुपये. सहाव्या रात्री फिटले. बाकी सगळं पुण्यातल्या कुठल्याही मराठी घराच्या माळ्यावर असतंच. पण त्याच्याही आधी तंबू भाड्यानं घ्या. ट्रेकिंगचं सामान भाड्यानं देणारी दुकानं पुण्यात आहेत. गेल्या जानेवारीत दीर-जाऊ आले तेव्हा आम्ही दिवसाला ४०० नं एक घेतला, अनामत दोन हजार, परत करताना झाडून दाखवला की मिळाली. जावेला एका रात्रीत कळलं की तिला हे जमणार नाही. तिचे एक्केचाळीस हजार वाचले.

आणि जागा आधी ठरवा, तंबू मग. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, मोकळं दिसणारं रान कुणाचं तरी असतंच, आणि धरणाच्या काठाला पाणी कधी वाढेल याचा नेम नसतो. आम्हाला चुलते मिळाले नसते तर हे फोल्डर एवढं जाड झालंच नसतं. त्यांच्या मेखा परत दिल्या. त्यांनी एक मुद्दाम ठेवून घ्यायला लावली, ‘असू द्या ताई, खिळ्यांचा काही भरवसा नाही’ म्हणून. ती अजून गाडीत आहे.

गेल्या रविवारी नवरा फोनवर बर्फाची पेटी बघत होता, ३,२०० ची. मी फोल्डर आणून त्याच्या मांडीवर ठेवलं.

खुर्च्या विकायच्या आहेत. चार आहेत, त्यातल्या तीन धड. चौथी गच्चीत असते, संध्याकाळी सेक्रेटरी काका तिच्यात बसतात, ती त्यांना विचारून मिळेल.