क्लास-डी ॲम्प्लिफायरसाठी मॉस्फेट: ५६२० घ्यावा की ४२२७?

±६० व्होल्ट रेल (सप्लायच्या दोन बाजू), हाफ-ब्रिज (दोन रेलमध्ये एकावर एक दोन मॉस्फेट, मधून आउटपुट), मॉस्फेटचे गेट चालवणारी ड्रायव्हर चिप आयआरएस २०९२, स्विचिंग ४०० किलोहर्ट्झ, फिल्टरला २२ मायक्रोहेन्री आणि ०.४७ मायक्रोफॅरड. क्लास-डी ॲम्प्लिफायर (मॉस्फेट झपाझप चालू-बंद करून चालणारा) घरी बांधण्याची ही अगदी नेहमीची मांडणी आहे. ४ ओहमला साडेतीनशे वॅटच्या आसपास, ८ ओहमला त्याच्या निम्मे. मॉस्फेट निवडताना बहुतेकांची नजर आधी ऑन-रेझिस्टन्सवर (चालू असतानाच्या रोधावर) जाते, आणि तिथेच गणित चुकतं.

आधी व्होल्टेज. मॉस्फेटवर ६० नाही, १२० व्होल्ट येतात. हाफ-ब्रिजमध्ये खोल बेसला कॉइलमधली ऊर्जा उलटी रेलमध्ये परतते आणि रेल वर चढते (बस पंपिंग). त्यात रिंगिंगची (स्विच होताना उठणाऱ्या व्होल्टेजच्या थरथरीची) टोकं मिळवा. १५० व्होल्टचा आयआरएफबी ४०१९ किंवा ५६१५ इथे काठावर येतो. ±५० पर्यंत मात्र दोघेही छान: ८ ओहमसाठी ४०१९ (८० मिलिओहम, गेट चार्ज, म्हणजे चालू करायला गेटमध्ये भरावा लागणारा चार्ज, फक्त १३ नॅनोकूलम), ४ ओहमसाठी ५६१५. हातात पडलेला आयआरएफ ५४०एन १०० व्होल्टचा आहे आणि त्याचा बॉडी डायोड (मॉस्फेटच्या आतच असलेला डायोड) बंद व्हायला सुस्त आहे. तो इथे वापरूच नका.

±६० साठी उरले २०० व्होल्टवाले दोन. आयआरएफबी ५६२०: ६० मिलिओहम, गेट चार्ज २५ नॅनोकूलम. आयआरएफबी ४२२७: २० मिलिओहम, ७० नॅनोकूलम. (सगळे आकडे डेटाशीटमधले ठरावीक, म्हणजे टिपिकल.)

पूर्ण पॉवरला ४ ओहममध्ये साधारण ९.५ अँपिअर आरएमएस वाहतात. कोणत्याही क्षणी दोनपैकी एकच मॉस्फेट चालू असतो, म्हणून दोघांचा मिळून वहनातला तोटा ५६२० ला साडेपाच वॅट, ४२२७ ला जेमतेम दोन. गरम झाल्यावर दोन्ही आकडे दुपटीजवळ जातात. इथवर ४२२७ जिंकलेला दिसतो. पण संगीत सतत पूर्ण पॉवरला वाजत नाही. एक-अष्टमांश पॉवरला हाच तोटा ०.७ विरुद्ध ०.२ वॅट इतका उरतो, म्हणजे अर्ध्या वॅटचं भांडण. स्विचिंगचा तोटा मात्र गाणं थांबलं तरी थांबत नाही.

तो कुठून येतो ते पाहू. सिग्नल नसताना कॉइलमधला रिपल करंट (स्विचिंगमुळे वर-खाली होणारा करंट) टोकाला सुमारे १.७ अँपिअर असतो. डेड टाइममध्ये (दोन्ही मॉस्फेट बंद असतात त्या छोट्या काळात) हाच करंट दोन्ही मॉस्फेटचं आउटपुट कपॅसिटन्स भरतो-रिकामं करतो. ते काम वेळेत झालं तर पुढचा मॉस्फेट शून्य व्होल्टला चालू होतो, फुकटात. ५६२० ला त्यासाठी २० नॅनोसेकंद लागतात, ४२२७ ला पन्नासेक. आयआरएस २०९२ मध्ये डेड टाइमच्या चारच पायऱ्या आहेत: २५, ४०, ६५ आणि १०५ नॅनोसेकंद. ५६२० ला २५ पुरतात. ४२२७ ला ६५ वर जावं लागतं, म्हणजे २.५ मायक्रोसेकंदाच्या आवर्तनातले अडीच टक्के. मग डिस्टॉर्शन वाढतं आणि फीडबॅकवर भार पडतो.

४२२७ ला २५ वरच ठेवलं तर? ड्रायव्हर जेमतेम १ अँपिअरचा, गेट वेळेत रिकामं होत नाही, दोन्ही मॉस्फेट क्षणभर एकत्र चालू राहतात. लक्षण ठरलेलं: स्पीकर जोडलेला नाही, आवाज नाही, तरी हीटसिंक तापतोय. असं दिसलं की आधी बायस नाही, डेड टाइम तपासा.

म्हणून ४ आणि ८ ओहमला ५६२०. २ ओहमचा सबवूफर चालवायचा असेल तर शिखर करंट २७ अँपिअरला जातो. तिथे ४२२७ च, आणि त्याला जास्त ताकदीचा गेट ड्रायव्हर. लहान ड्रायव्हरवर मोठा मॉस्फेट म्हणजे सायकलला ट्रकचं चाक.

फुल-ब्रिज (स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक हाफ-ब्रिज) परवडत असेल तर प्रश्नच बदलतो. एकाच ६० व्होल्ट सप्लायवर तेवढीच पॉवर मिळते, मॉस्फेटला फक्त ६० व्होल्ट दिसतात, १०० व्होल्टचे चांगले नग चालतात, बस पंपिंगही नाही. बदल्यात चार मॉस्फेट, दोन फिल्टर, आणि स्पीकरची कोणतीच तार ग्राउंडला लावायची नाही.

गॅलियम नायट्राइडच्या (GaN) ट्रान्झिस्टरला बॉडी डायोडच नसतो, त्यामुळे रिकव्हरी (डायोड बंद होतानाचा उलटा करंट) शून्य. पण अनेकांचं गेट ६ व्होल्टच्या वर टिकत नाही, आणि दोन-थरी हौशी बोर्डावर तेवढं रिंगिंग सहज होतं. पहिल्या बोर्डासाठी नकोच.

निवड झाल्यावर दोन गोष्टी. ४२२७ चे बनावट नग फार फिरतात. ड्रेन-सोर्स शॉर्ट करून गेटचं कपॅसिटन्स मोजा. डेटाशीट ४६०० पिकोफॅरड सांगते, मीटरवर खरा नग त्याहून जास्तच दाखवतो. हजार-दीड हजार दिसलं तर आत लहान चिप आहे.

आणि स्नबर (रिंगिंग दाबायला लावलेली रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी). १० ओहमसोबत १५० पिकोफॅरड लावला तर १२० व्होल्ट, ४०० किलोहर्ट्झला रेझिस्टरमध्ये ०.९ वॅट जळतात. रिंगिंग आणखी दाबायला ४७० लावलात तर २.७ वॅट, आणि पाव वॅटचा रेझिस्टर काळा पडतो. त्याआधी वरच्या मॉस्फेटच्या ड्रेनपासून खालच्याच्या सोर्सपर्यंत ०.१ मायक्रोफॅरड अगदी पायांना चिकटवून लावा, आणि स्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून छोटी स्प्रिंग वापरा. बऱ्याचदा दिसणारं रिंगिंग त्या क्लिपचंच असतं.