ही धून कुठंतरी ऐकलीय: फोन, पेटी की मिडी?

गेम सुरू झाला की मेनूवरची धून वाजते आणि आतल्या खोलीतून धाकटा ओरडतो, "अण्णा, हे त्या अ‍ॅनिमेतलंच म्युझिक की!" अण्णा म्हणतो, "काय बी सांगायलास, हे वेगळं हाय." बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत गेम आणि अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) यांच्या धुनांचा हा वाद आता नवा राहिलेला नाही. तो मिटवायला तीन साधनं हाताशी असतात: फोन, घरातली पेटी आणि कॉम्प्युटरवर उघडता येणारी मिडी फाईल, म्हणजे आवाजाऐवजी कुठला स्वर कधी वाजवायचा एवढंच लिहिलेली फाईल. तिन्ही चांगली आहेत, पण तिघांची कामं वेगळी. चुकीच्या साधनाला चुकीचा प्रश्न विचारला, तर भलतंच उत्तर खरं मानून बसायची वेळ येते.

फोनपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. शाझम हे गाणी ओळखणारं अ‍ॅप. ते ऐकलेल्या आवाजाच्या आलेखातले ठळक बिंदू वेचतं आणि आपल्या साठ्यातल्या रेकॉर्डिंगशी जुळवतं. म्हणजे हे नेमकं कुठलं रेकॉर्डिंग, एवढंच ते सांगतं. तीच चाल दुसऱ्या कुणी व्हायोलिनवर वाजवली की ते बहुधा गप्प बसतं. दोन वेगळ्या धुनांतलं साम्य शोधायला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

गूगलची गुणगुणून शोधायची सोय ऑक्टोबर 2020 मध्ये आली, ती जास्त कामाची आहे. ती वाद्य, आवाजाचा पोत, शब्द बाजूला ठेवते आणि चालीचा चढउतार तेवढा पाहते. दहा-पंधरा सेकंद गुणगुणलं की गाण्यांची यादी येते, प्रत्येकासमोर टक्केवारी. इथंच पोरं फसतात. ती टक्केवारी तुमचं गुणगुणणं त्या गाण्याशी किती जुळलं याची असते, दोन गाणी एकमेकांशी किती जुळतात याची नव्हे. तरी गेमची धून गुणगुणल्यावर यादीत अ‍ॅनिमेचं गाणं वर आलं, तर धागा मिळाला असं समजायला हरकत नाही. प्रसंगामागं वाजणाऱ्या तुकड्यांवर मात्र ही सोय बऱ्याचदा अडखळते. तिचा जोर गाण्यांवर. आणि इंटरनेट लागतंच. जांबोटी-कणकुंबीच्या रानात रेंज गेली की विषय संपला.

आता पेटी. या भागात पेटी शोधावी लागत नाही. भजनी मंडळात असते, देवळात असते, निम्म्या वेळा माळ्यावर कापडात गुंडाळलेली असते. पंडित रामभाऊ विजापुरे (1917–2010) यांनी याच बेळगावात पिढ्यान्‌पिढ्या शिष्यांना पेटी शिकवली. गंमत अशी की 1940 मध्ये आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं होतं. तक्रार ही की तिचे स्वर ठरलेले, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक स्वर) सापडत नाहीत. आपल्या कामाला नेमका तोच दोष पथ्यावर पडतो. गेम आणि अ‍ॅनिमेचं संगीत बहुतेक करून त्याच बारा समान स्वरांत बांधलेलं असतं, त्यामुळं पट्टीवर बोट ठेवलं की स्वर सापडतो.

पद्धत सोपी आहे. यूट्यूबवर धून पाऊण किंवा अर्ध्या वेगानं लावा. लय उतरते, स्वरांची उंची तीच राहते. सा शोधा. एका धुनेचा सा काळी एकवर आणि दुसरीचा पांढरी चारवर (पेटीवरच्या वेगळ्या पट्ट्यांवर) असला, तर दोन्हींचं सरगम एकाच सा वरून लिहून काढा. पट्टीचा फरक गळून पडतो आणि खरी चाल समोर येते. खाली मात्राही लिहा, ते विसरू नका. नुसत्या स्वरांची ओळ अर्धंच सांगते.

जपानी संगीतात चौथा आणि सातवा स्वर गाळलेली एक पाच स्वरांची मांडणी फार चालते, तिला तिथं योनानुकी म्हणतात. सरगममध्ये ती सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूप रागाचे स्वर. दुसरी इनसेन: सा, कोमल रे, म, प, कोमल नी. हे बैरागी रागाचे स्वर. देऊळ, चेरीची फुलं, जुनं गाव असं काही पडद्यावर आलं की असे पंचस्वर गेममध्येही वाजतात आणि अ‍ॅनिमेमध्येही. पाचच स्वर हाताशी असले की दोन चाली जवळ येणारच. "सेम टू सेम" म्हणून जे कानाला वाटतं, त्यातलं बरंच इथं उलगडतं.

इथं आपल्याकडच्या कानाचा फायदा होतो. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच; पण भूप गंधारावर (ग) विसावतो आणि देशकार धैवतावर (ध) जोर देतो. गाणं शिकलेलं पोर या दोघांना एक म्हणणार नाही. तोच नियम इथं लावा. लांब स्वर कुठला? ओळ कुठं टेकते? जोर पहिल्या मात्रेला कुठल्या स्वरावर पडतो? या तिन्ही जागा वेगळ्या निघाल्या, तर दोन धुनांचं गोत्र एक, घर वेगळं. सात-आठ स्वर ओळीनं, त्याच वजनानं जुळले, तर मग मीही कान टवकारतो.

पेटी जिथं हरते ती जागा म्हणजे कॉर्ड, एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गुच्छ. एक हात भात्याला, उरलेल्या एका हातानं चाल आणि तिच्या खालच्या कॉर्ड दोन्ही वाजवणं कठीण. आणि जपानी पॉपमध्ये साम्य पुष्कळदा तिथंच असतं. तिथं 'राजमार्ग' म्हणून ओळखली जाणारी कॉर्डची एक साखळी आहे. तिच्यातल्या चार कॉर्डचे पायाचे स्वर सरगममध्ये म, प, ग, ध. अ‍ॅनिमेच्या सुरुवातीच्या गाण्यांत ती इतकी वाजते की चाल निराळी असूनही "हे ऐकलंय" असं वाटत राहतं. गुणगुणून शोधायची सोयही इथं आंधळी, कारण ती चालच ऐकते.

अशा वेळी मिडी. म्यूझस्कोर हे फुकटचं सॉफ्टवेअर मिडी फाईल उघडून प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी दाखवतं. जुन्या गेमच्या फाईली सहज मिळतात आणि वाचायलाही सोप्या, कारण निन्टेन्डोच्या त्या 8 बिट यंत्रात आवाजाच्या पाचच वाटा होत्या. त्यातल्या तीन सुरांच्या, एक गोंगाटाची, एक छोट्या ध्वनिनमुन्यांची. नव्या, वाद्यवृंदाच्या संगीताच्या फाईली मात्र चाहत्यांनी कानानं उतरवलेल्या असतात. त्यात चुका असतात, त्यामुळं फाईलवरून कुणाला चोर ठरवू नये.

खरं तर या तिन्हींच्या आधी श्रेयनामावली वाचावी. योको कान्नोनं कोएई या जपानी कंपनीच्या ऐतिहासिक गेमना संगीत दिलं आणि 1998 च्या 'काउबॉय बीबॉप' या अ‍ॅनिमेलाही. मिचिरू ओशिमाचं नाव 'इको' या 2001 च्या गेमवर आहे आणि 2003 च्या 'फुलमेटल अल्केमिस्ट' या अ‍ॅनिमेवर. हिरोयुकी सावानो 'अटॅक ऑन टायटन' या अ‍ॅनिमेचा संगीतकार, तोच 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स एक्स' या गेमचाही. एकाच हातची वळणं दोन्हीकडं दिसली तर नवल काय! कधी मूळच तिसरं असतं: गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या टेट्रिस गेमची प्रसिद्ध धून हे एक जुनं रशियन लोकगीत आहे. मग तीच चाल आणखी कुठं ऐकू आली तर दोघांत नक्कल शोधण्यात अर्थ नाही.

तर निवड अशी करा. धुनेचं नावच माहीत नसेल तर फोन. नाव कळलं की तो खिशात टाका. दोन चाली जुळतात की नाही हा वाद असेल आणि घरात कुणाला थोडी तरी पेटी येत असेल, तर पेटीच, दुसरं काही नको. चाल वेगळी निघाली आणि तरी कान मानत नसेल, तर म्यूझस्कोर उघडून खालच्या कॉर्ड पाहा. एवढ्या एका हौसेपायी कीबोर्ड विकत घ्यायची घाई करू नका; म्यूझस्कोरमध्ये माऊसनं स्वर मांडूनही कॉर्ड ऐकता येतात. पेटी माळ्यावरून काढलीत तर आधी भाता तपासा, फाटका भाता असला की सा सुद्धा धड लागत नाही.